ग्रीस लावलेले आटे

वुनावा बेटावर कोरडा बोल्ट कुणी बसवत नाही. होडीचा असो, पाण्याच्या टाकीचा असो, की चर्चच्या घंटेचा. आधी आट्यांना ग्रीस, मग नट. खारा वारा चार महिन्यांत लोखंड खातो आणि एकदा गंजून धरलेला नट छिन्नीशिवाय सुटत नाही. हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. मूल चालायला लागतं तेव्हा आडोशाला ठेवलेल्या ग्रीसच्या डब्यात हात घालतं, आई चापट मारते, आणि शिक्षण पुरं होतं. सेकोवेच्या बापाच्या वेळी नारळाचं तेल असे, आता दुकानात लोकरीच्या चरबीचं ग्रीस मिळतं, एवढाच फरक.

सेकोवे या बेटाचा इंजिनवाला. वय एकसष्ट. गावाची 'सेनीकाऊ' नावाची लाकडी लाँच आणि तिच्या पोटातलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन सव्वीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं. इतक्या वर्षांत त्याने मापाचा पाना वापरला नव्हता. मनगट हेच त्याचं माप. नट आवळताना आधी तो नुसता फिरतो, मग जड होत जातो, आणि मग एका ठिकाणी हाताला आतून कुणीतरी सांगितल्यासारखं कळतं, बस. तिथे सेकोवे थांबे. सव्वीस वर्षांत ते मनगट चुकलं नव्हतं.

पण जानेवारीत, लाकेंबा बेटाहून परत येताना, इंजिनाच्या हेडखालची पॅकिंग फुटली. खरं तर थंड पाण्याच्या नळीत शेवाळ अडकून इंजिन तापलं होतं. दोष मनगटाचा नव्हता, हे सेकोवेला ठाऊक होतं आणि त्याने ते सांगितलंही. पण संध्याकाळी सगळे कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसले असताना इनोके म्हणाला, "शेवाळाला कशाला नावं ठेवतोस? तुझं मनगट आता उकडलेली अळकुडी झालंय. पुढच्या वेळी नट तुझ्या बायकोला आवळू दे. तिला दिसत नाही, पण जोर तरी आहे."

बैठक खो खो हसली. सेकोवेही हसला. इनोके त्याच्या आत्याचा मुलगा, म्हणजे त्याचा तावाले. आणि तावालेने कितीही टोचलं तरी रागवायचं नाही, उलट टोचायचं, असा रिवाज आहे. सेकोवेने उलट टोचलंही. "तुझ्या मनगटाला सवय एकच, वाटी तोंडाशी न्यायची," तो म्हणाला. पुन्हा हशा झाला. पण इनोकेचं वाक्य तो घरी घेऊन गेला. झोपताना त्याने उजवी मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली.

दुसऱ्याच दिवशी त्याने रेडिओवरून मोठ्या बेटावरच्या सुवा शहरात राम बिसुनच्या वर्कशॉपला निरोप दिला: पॅकिंग एक, हेडचे नवे स्टड दहा, आणि उसना मिळत असेल तर टॉर्कचा पाना.

त्या वर्षी घाई करायला कारण होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पथक लाकेंबाच्या इस्पितळात येणार होतं. सोमवारी यायचं, शुक्रवारी दुपारी जायचं. तीन-चार वर्षांत एकदा असं पथक या बाजूला फिरकतं. बेटावरच्या नर्स तोरिकाने नऊ जणांची नावं लिहिली होती, आणि त्यांत सेकोवेची बायको उनाईसी होती. तिचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला होता, डावा यंदा. आता तिला दार उघडं आहे की बंद एवढं कळे, दारात कोण आहे ते कळत नसे. चटया विणण्यात तिचा हात धरणारी बाई बेटावर नव्हती, आणि आता केतकीच्या पात्या तिच्या मांडीवर नुसत्या पडून असत.

"मोतीबिंदूचा पडदा काढला की लख्ख दिसतं म्हणे, वीस मिनिटांचं काम," तोरिका म्हणाली होती.

"सगळंच लख्ख?" उनाईसीने विचारलं होतं. "म्हणजे आमच्या लेपानीच्या बापाचं तोंडसुद्धा? थोडा पडदा राहू द्यायला सांग, पोरी."

इस्पितळाची स्वतःची बोट त्या आठवड्यात दुसऱ्या बेटावर लस टोचायला गेली होती. लहान होडीतून म्हाताऱ्या माणसांना अडतीस मैल उघड्या समुद्रावर नेणं शक्य नव्हतं. जायचं तर 'सेनीकाऊ'नेच.

सामानाचं जहाज त्याच आठवड्यात मंगळवारी आलं. बुधवारी सकाळी सेकोवे इंजिनापाशी बसला. राम बिसुनने सगळं नीट बांधून पाठवलं होतं: तेलकट कागदात दोन्ही टोकांना आटे असलेले दहा नवे कोरे स्टड, पॅकिंग, लांब दांड्याचा चकचकीत पाना, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मधून सुरुवात करून बाहेर जा. तीन फेऱ्या. तीस, साठ, पंच्याऐंशी.'

पान्याच्या मुठीवर आकडे होते. मूठ फिरवून हवा तो आकडा लावायचा. तेवढा जोर पडला की आत 'कट्' होतं आणि हाताला झटका बसतो. इनोके शेजारी येऊन बसला होता. त्याने पाना उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे याला अक्कल आहे आणि तुला नसली तरी चालेल," तो म्हणाला.

"मग तुझ्यासाठीही एक मागवतो," सेकोवे म्हणाला.

हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, आणि ब्लॉक, म्हणजे त्याचं धड, यांच्यामध्ये नवी पॅकिंग घालून ती दाबून धरायचं काम स्टड करतात. स्टड आवळला की तो किंचित, केसाएवढा, ताणला जातो आणि पुन्हा आखडायला बघतो. त्या आखडण्यानेच हेड खाली धरून ठेवलं जातं. कमी ताणला तर पॅकिंग फुटते. जास्त ताणला तर स्टड आखडायचं विसरतो, नाहीतर ज्या आट्यांत तो बसलाय ते आटेच उखडतात. सेकोवेला हे शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या हाताला ते माहीत होतं.

त्याने स्टड एकेक करून पुसले. ग्रीसचा डबा उघडला. दहाही स्टडना वर-खाली, दोन्हीकडच्या आट्यांना, बोटाने ग्रीस चोळलं. नटाखालच्या वायसरलाही लावलं. मग हेड बसवलं.

पहिली फेरी तीसची. दहा वेळा कट्. दुसरी साठची. दहा वेळा कट्. दुसरी फेरी संपली तेव्हा त्याच्या मनगटाने सांगितलं, बस. त्याला हसू आलं. मनगट साठाला समाधानी होतं. म्हणजे इनोके बरोबर बोलला होता तर. इतकी वर्षं पंच्याऐंशीच्या जागी आपण साठालाच थांबत आलो की काय, की हे अलीकडचं, म्हातारपणाचं?

त्याने मुठीवर पंच्याऐंशी लावले.

पहिले सहा नट आवळले गेले. दांडा जड जाई आणि कट् व्हायला वेळ लागे, पण होई. सातव्याला काहीतरी वेगळं झालं. नट फिरत राहिला, पण जड होत जाईना. जोर तेवढाच राहिला आणि पाना पुढे सरकू लागला, कोमट मेणात चाकू सरकावा तसा. सेकोवेचा हात थांबला.

"काय झालं?" इनोके म्हणाला.

"मऊ लागतोय."

"काय मऊ लागतंय? लोखंड?" इनोके म्हणाला. "कट् झालं नाही अजून. लाजतोस काय, ओढ!"

सेकोवेने पान्याकडे पाहिलं. सोडून द्यावा, नट ढिला करावा आणि बघावं, असं मनगट स्पष्ट सांगत होतं. पण त्याच मनगटावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून तर पाना मागवला होता. आकडा छापील होता, सुवाच्या माणसाने लिहून दिलेला होता. मनगट एकसष्ट वर्षांचं होतं. आणि नऊ माणसं उद्या निघायची होती. हेड परत फुटलं तर यावेळी शेवाळाचं नाव सांगता येणार नव्हतं.

त्याने ओढलं. पाव फेरा गेला. मग एकदम काहीच उरलं नाही. पाना हलका झाला, आणि स्टड नटासकट वर आला. त्याच्या खालच्या टोकाला ग्रीसमध्ये माखलेला करडा भुगा चिकटला होता. ते ब्लॉकच्या भोकातले आटे होते.

सेकोवेने भोकात करंगळी घातली. भिंत गुळगुळीत लागली.

पोस्टातल्या रेडिओवर दुपारी राम बिसुन सापडला. तो रेडिओ उघडा असतो. एका बेटावरचं बोलणं वीस बेटं ऐकतात, आणि ऐकतातच. सेकोवेने झालं ते सांगितलं.

"सेकोवेभाई," बिसुनने विचारलं, "आटे पुसून कोरडे बसवलेत ना? ओव्हर."

"कोरडे? समुद्रावर कोरडे कोण बसवतं, बिसुन? ग्रीस लावलं. वर-खाली, दोन्हीकडे. ओव्हर."

रेडिओ नुसता खरखरत राहिला.

"बिसुन? ओव्हर."

"आहे, भाई. ऐका. पंच्याऐंशी कोरड्या आट्यांचे. तुम्ही पान्याला जोर लावता ना, त्यातला बराचसा आटे घासण्यातच जातो. थोडासाच स्टड ताणायला उरतो. ग्रीस लावलं की घासणं कमी. मग तोच जोर स्टडवर दीडपट पडतो. ग्रीस लावायचं होतं तर साठाला थांबायचं. ओव्हर."

सेकोवे साठ हा आकडा ऐकून बाकावर बसला. रेडिओच्या माइकची वायर ताणली गेली.

"तू लिहिलं नाहीस," तो म्हणाला. मग आठवण झाल्यावर, "ओव्हर."

"नाही लिहिलं. माझ्याकडे हेडच्या स्टडला ग्रीस कुणी लावतच नाही, भाई. विचारावं असं सुचलंच नाही. रामाशपथ सुचलं नाही. ओव्हर."

आणि ते खरंच होतं. सुवाच्या वर्कशॉपमध्ये स्टडना ग्रीस लावणारा कुणी नव्हता आणि वुनावावर न लावणारा कुणी नव्हता. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं.

"आता? ओव्हर."

"भोकात मोठे आटे पाडावे लागतील. हत्यार पाठवतो, पण जहाज पुढच्या महिन्यात. बाकीचे स्टडही ताणलेले असतील, त्यांचा भरवसा नाही. ओव्हर."

मध्येच तिसराच आवाज आला, कुठल्यातरी लांबच्या बेटावरचा. "आमच्याकडेही तसलं हत्यार नाही, दादा. शोधून आलो. देव बघेल तुमच्याकडे."

संध्याकाळपर्यंत जे करता येण्यासारखं होतं ते सेकोवेने केलं. बाकीचे नऊ नट सोडून साठाला आणले. इनोकेने घरून बिस्किटाचा डबा आणला, त्याच्या पत्र्याची बारीक पट्टी कापली, ती स्टडभोवती गुंडाळून दोघांनी तो भोकात ठोकून बसवला. इनोके एकही विनोद करत नव्हता, आणि तेच सेकोवेला सोसवत नव्हतं.

"मी आपला गमतीत बोललो रे, ओढ म्हणून," शेवटी इनोके म्हणाला.

"तावालेने माफी मागायची नसते. गप पट्टी धर."

गुरुवारी सकाळी धक्क्यावर इंजिन अर्धा तास चालवून पाहिलं. पट्टीने धरलं. पाणी कुठे ठिबकलं नाही. सेकोवे म्हणाला, "हळू जाऊ." नऊ जणांना एकेक करून चढवलं. उनाईसीने नवा निळा झगा घातला होता आणि टोपलीत उकडलेला कसावा आणि मासळी बांधून घेतली होती, डॉक्टरांनाही पुरेल इतकी. नव्वदीचा ताइतो म्हातारा नातवाच्या पाठीवरून आला. नर्स तोरिका यादी घेऊन मध्ये बसली.

दोन तास सगळं ठीक होतं. सेकोवे इंजिनापाशी उकिडवा बसून त्या एका नटाकडे बघत होता. त्याला वाटलं, पाच तास. अजून फक्त पाच तास धर. मग आयुष्यात पुन्हा धरलं नाहीस तरी चालेल.

त्याच्या आधी उनाईसीला कळलं. ती वरून म्हणाली, "लेपानीच्या बापा, आवाज बदलला."

मग त्यालाही ऐकू आलं. एका सिलिंडरचा ठोका पोकळ येऊ लागला होता. हेडच्या कडेतून पांढरी वाफ फुसफुसली, नटाखालून गढूळ पाणी वर आलं, आणि पत्र्याची पट्टी चघळलेल्या पानासारखी बाहेर आली. त्याने नटावर दोन्ही हातांनी फडकं दाबून धरलं. हात भाजले. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

एकदम फक्त लाटांचा आवाज उरला.

वारा आग्नेयेचा होता, लाकेंबा वाऱ्याच्या तोंडावर. तिकडे शिडाने जाता येणार नव्हतं, घरी मात्र येता येत होतं. इनोकेने ताडपत्री काढली, वल्ह्यांना बांधली. लाँचचं तोंड फिरलं. ऊन तोंडावरून पाठीवर आलं एवढ्यावरून आंधळ्यांनाही कळलं होतं, आपण परत चाललोय.

"बरं आहे," ताइतो म्हातारा म्हणाला. "एवढ्या मोठ्या लाटा आणि मला एक दिसत नाही. भीती वाटायचा प्रश्न नाही."

उनाईसीने टोपली उघडली आणि कसावा सगळ्यांना वाटून टाकला. डॉक्टरांचा वाटाही.

दिवस मावळायच्या सुमारास ते धक्क्याला लागले. शुक्रवारी दुपारी तोरिका पोस्टातून आली आणि सेकोवेच्या दारात उभी राहिली. "गेले ते, मामा. मी दोनदा विनंती केली, पण पुढच्या बेटांवर लोक वाट बघतायत. पुन्हा कधी, ते नक्की नाही सांगितलं. तीन वर्षं म्हणाले. चारही असतील."

"उनाईसीचा डावा तेवढा थांबेल?"

तोरिका खाली बघत म्हणाली, "मोतीबिंदू थांबतो, मामा. पण तिच्या डोळ्यांत आतला दाबही वाढलाय. लाकेंबाला गेल्यावर तेही बघणार होते. त्याला उशीर झाला तर मग पडदा काढूनही उपयोग नसतो."

शनिवारी सेकोवेने पेटीतून देवमाशाचा दात काढला. बापाने दिलेला, हाताळून हाताळून तांबूस झालेला. माफी मागायची तर इथे असा दात पुढे ठेवतात. तो घेऊन सेकोवे गावच्या मुखियाच्या घरी गेला. बाकीच्या आठ घरची माणसं तिथे बसली होती. सेकोवे दारापासून गुडघ्यांवर चालत आत आला आणि दात दोन्ही हातांवर धरून त्याने अपराध कबूल केला. ग्रीसचं नाव घेतलं नाही, बिसुनचं घेतलं नाही, इनोकेचंही नाही. ताइतोने चाचपडत पुढे येऊन दात घेतला. म्हणाला, "घेतलं. मातीत पुरलं. संपलं." सगळ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या. कावा घोळला गेला.

माफी पुरी झाली. आणि रिवाजाप्रमाणे, एकदा पुरलं की पुन्हा त्यावर कुणी बोलायचं नाही. माफ करणाऱ्याने नाही, माफी मागणाऱ्यानेही नाही. सेकोवे वाटी तोंडाला लावून बसला आणि त्याला कळलं की आता हे सांगायला जगात कुणी उरलं नाही. रात्रंदिवस आतल्या आत तो पाव फेरा फिरत राहणार, आणि बाहेर बैठकीत पावसापाण्याच्या गप्पा चालणार.

बायकोपुढे मात्र दात ठेवत नाहीत. नवऱ्याने बायकोची माफी कशी मागायची याचा रिवाजच नाही. तो घरी आला तेव्हा उनाईसी चटईवर बसली होती.

"पुरलं?" तिने विचारलं.

"पुरलं."

"बरं झालं."

तो उभाच राहिला. "तू काही तरी बोल," तो म्हणाला. "शिव्या दे."

"काय देऊ? तू मुद्दाम केलंस?" ती म्हणाली. "मी निळ्या झग्यातच झोपले परवा. म्हटलं, सकाळी कदाचित निघू. वेडेपणा." मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दोरी आहे का घरात? लांब."

"कशाला?"

"इथून चुलीच्या खोपटापर्यंत बांध. कंबरेएवढ्या उंचीवर. अजून उजेड-अंधार कळतोय तोवर सवय करून घेते. नंतर जड जाईल."

त्याने लाँचच्या नांगराची जुनी दोरी घेतली. दाराच्या खांबाला एक टोक बांधलं, मध्ये पपईच्या झाडाला वेढा दिला, आणि दुसरं टोक खोपटाच्या खांबाला. उनाईसी दारातून बाहेर आली, दोरीवर डावा हात ठेवला आणि चालू लागली. पपईपाशी अडखळली, हाताने झाड चाचपलं, वळसा घातला. सेकोवे खोपटाच्या तोंडाशी जाऊन दोन्ही हात पुढे करून उभा होता, ती पडलीच तर असावेत म्हणून. ती सरळ येऊन त्याच्या छातीवर आदळली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "तू नसशील तेव्हाही मला यायचंय."

तो बाजूला झाला. ती परत दारापर्यंत गेली आणि पुन्हा सुरुवातीपासून चालत आली. त्या आठवड्यात त्याने बेटावर आणखी चार घरी दोऱ्या बांधल्या. कशासाठी ते कुणी बोललं नाही, आणि प्रत्येक घरी त्याला जेवायला बसवलं.